पावसाळी बंदीची जन्मकथा

दरवर्षी १ जून आला की पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी बंदराला लागतात. मुंबईच्या ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत आणि तिथून गोव्याच्या कुटबणपर्यंत जाळी दुरुस्तीला काढली जातात, खलाशी गावी जातात आणि ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी थांबते. केरळने आपल्या सागरी हद्दीत ही बंदी ५२ दिवसांची ठेवली आहे. शहरातल्या वाचकापर्यंत ती मासळी महागल्याच्या बातमीतून पोहोचते, आणि एखाद्या जाणत्या खात्याने शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने केव्हातरी हा नियम केला असेल, असे आपण गृहीत धरतो. घडले होते उलटे. हा नियम सरकारच्या गळी उतरवायला किनाऱ्यावरच्या माणसांना जवळजवळ एक दशक झगडावे लागले. सुरुवातीला शास्त्रज्ञांपैकी अनेक जण त्याच्या विरोधात होते आणि बंदरांतला सगळा पैसा त्याच्या विरोधात होता. हा लढा प्रामुख्याने केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर उभा राहिला, आणि तिथे तो कॅथलिक धर्मग्रामांतून, काही फादर आणि सिस्टरांच्या साथीने उभा राहिला. भारतातल्या निसर्गसंवर्धनाच्या इतिहासात चिपकोला जागा मिळाली, सायलेंट व्हॅलीला मिळाली. त्याच काळात समुद्रासाठी लढलेल्या या माणसांना मात्र तिथे फारसे कोणी आणून बसवले नाही. या लढ्यात ख्रिस्ती माणसांचा वाटा नेमका कोणता होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर चर्चच्या स्तुतीतही सापडत नाही आणि चर्चवरच्या टीकेतही सापडत नाही.

गोष्ट सुरू होते ती एका सद्हेतूने आखलेल्या प्रकल्पापासून. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळ नींदकरा, शक्तिकुळंगरा आणि पुत्तनतुरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला. मच्छीमारांच्या होड्यांना इंजिने द्यावीत, बर्फाचा कारखाना उभारावा, दवाखाना आणि पिण्याचे पाणी द्यावे, असा मूळ बेत होता. त्यातला दवाखाना आणि पाणी खरोखर आले. पण त्याच सुमारास कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली होती आणि पुढे जपानही मोठे गिऱ्हाईक झाले. स्थानिक लोक जिला फारशी किंमत देत नसत त्या कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव मिळतो आहे, हे कळल्यावर प्रकल्पाचा रोख गावांकडून निर्यातीकडे वळला. कोळंबी तळाशी राहते, म्हणून तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे आले. १९६३ नंतर प्रकल्पाचा मुक्काम एर्नाकुलमला हलला, १९७२ मध्ये नॉर्वेचा सहभाग संपला, आणि मागे राहिला तो खासगी ट्रॉलरांचा वाढता ताफा. ज्यांच्यासाठी योजना आखली होती त्या, कट्टुमरम या ओंडक्यांच्या तराफ्यावरून मासेमारी करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती त्यातली एकही बोट आली नव्हती.

ट्रॉलिंग नेमके काय करते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा संताप समजणार नाही. शंकूच्या आकाराचे जाळे, त्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या दोन जड फळ्या, आणि शेवटी बारीक आसाची पिशवी. बोट पुढे जाते तसे हे सगळे समुद्राच्या तळावरून ओढले जाते. वाटेत येणारी पिल्ले, खेकडे, अंडी, तळावरचे शेवाळ, ज्याला बाजार नाही असे सगळेच पिशवीत शिरते. कोळंबी वेचून बाकीचा मोठा हिस्सा मेलेला परत समुद्रात टाकला जाई. कोळंबी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असल्यामुळे ट्रॉलरही तिथेच फिरत, म्हणजे नेमके त्या पट्ट्यात जिथे वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्या मासेमारी करत. रात्री त्यांची जाळी कापली जात, होड्या उलटत, माणसे जात. पावसाळ्यात हे अधिकच तीव्र होई, कारण नींदकरापुढच्या पाण्यात करिकाडी जातीची कोळंबी जून ते ऑगस्टमध्ये मोठ्या प्रमाणावर मिळते, आणि किनाऱ्यावरच्या अनेक माशांच्या अंडी घालण्याचा काळही तोच असतो. १९७३ मध्ये केरळच्या समुद्रातून सुमारे साडेचार लाख टन मासळी निघाली होती. १९८० मध्ये हा आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास घसरला. तारलीसारख्या माशाचे प्रमाण निसर्गतःच वरखाली होते हे खरे, पण सात वर्षे रिकामी होडी घेऊन परतणाऱ्याला ही घसरण आकडेवारीत वाचण्याची गरज नव्हती.

आता हा किनारा कोणाचा होता ते पाहू. तिरुवनंतपुरमपासून कन्याकुमारीपर्यंतच्या मच्छीमार वस्त्या बहुतांश लॅटिन कॅथलिक आहेत. गोव्यात ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनी १५४४ मध्ये त्रावणकोरच्या याच किनाऱ्यावर हजारो मच्छीमारांना बाप्तिस्मा दिला. तेव्हापासूनच्या चार शतकांत इथे धर्मग्राम हा केवळ उपासनेचा घटक राहिला नाही. तो गावाचा कारभार झाला. अनेक गावांत मासळीच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा चर्चकडे जाई आणि तो गोळा करण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. रविवारी समुद्रावर जायचे नाही, हा नियम गाव पाळत असे आणि मोडणाऱ्याला दंड होई. भांडणे चर्चच्या अंगणात सुटत. या व्यवस्थेत जुलूमही भरपूर होता. फादरचा शब्द अखेरचा मानला जाई, सावकार आणि दलाल याच अंगणात मानाने बसत, आणि गरीब मच्छीमाराच्या हिश्शातून उभी राहिलेली भव्य चर्चे झावळ्यांच्या झोपड्यांवर सावली धरून उभी असत. तरीही एक गोष्ट या धर्मग्रामांकडे होती जी राज्याच्या मत्स्यखात्याकडे नव्हती. समुद्रावर कोणी कधी जायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि ठरलेले पाळायचे, ही सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

समुद्राचे ज्ञानही त्यांच्याकडे होते, आणि ते किती नेमके होते हे एका उदाहरणावरून कळेल. कट्टुमरम म्हणजे हलक्या लाकडाचे तीन-चार ओंडके दोरीने बांधलेले. किनाऱ्याला आले की सोडून वाळूत सुकत टाकायचे. अशा साधनावर बसून मच्छीमार खोल पाण्यातल्या एखाद्या खडकाळ जागेवर, जिला ते पारु म्हणतात, बिनचूक जाऊन पोहोचतो. होकायंत्राशिवाय. किनाऱ्यावरच्या चर्चचा मनोरा मागच्या डोंगराच्या एका ठराविक खिंडीशी जुळला की एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूला एखादे उंच झाड दुसऱ्या टेकडीशी जुळले की दुसरी. दोन रेघा जिथे मिळतात तिथे खाली खडक. मग दोरीला वजन बांधून ते सोडून पाहायचे. असे शेकडो पारु नावानिशी पाठ असलेली माणसे या गावांत होती. आणि जिथे खडक नाही तिथे दगडांच्या राशी, नारळाच्या झावळ्या, झाडांच्या फांद्या पाण्यात बुडवून माशांना आसरा करून द्यायचा, ही रीतही जुनीच. ट्रॉलरांनी तळ सपाट करायला सुरुवात केल्यावर, १९८० च्या दशकात, तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या गावांनी हे काम नव्या जोमाने हाती घेतले. कारण त्याचे दोन फायदे होते. मासे येत, आणि त्यात अडकून ट्रॉल जाळे फाटत असे. अर्थतज्ज्ञ जॉन कुरियन यांनी या प्रयत्नांची काळजीपूर्वक नोंद करून ठेवली, म्हणून ते आज इतिहासात आहेत.

हे ज्ञान आणि ही सवय यांचे आंदोलन कसे झाले? इथे काही माणसांच्या निवडीला महत्त्व आहे. १९६० च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला मरियनाड हे नवे मच्छीमार गाव बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या पुढाकाराने वसवण्यात आले. तिथे राहायला आलेल्या सामाजिक कार्यकर्त्यांनी, ज्यांत नलिनी नायक होत्या आणि पुढे जॉन कुरियन आले, दवाखाना वा दानधर्म यांपाशी न थांबता मच्छीमारांची स्वतःची सहकारी संस्था उभी केली. किनाऱ्यावरचा लिलाव दलालाच्या हातून काढून संस्थेच्या हाती आला. हा नमुना इतर गावांत पसरला आणि १९८० मध्ये अशा संस्थांचा दक्षिण भारतीय महासंघ झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा हा काळ होता. गरिबांच्या बाजूने उभे राहणे हाच धर्म, असे मानणारे तरुण फादर आणि सिस्टर सेमिनरी आणि कॉन्व्हेंट सोडून वस्त्यांत राहायला येत होते. रिडेम्प्टोरिस्ट संघाचे थॉमस कोचेरी पूनतुराच्या मच्छीमार वस्तीत राहायला गेले. ते मूळचे चंगनाशेरीचे, म्हणजे मच्छीमार समाजाबाहेरचे. आलप्पुळात फादर पॉल आरक्कल मच्छीमारांची संघटना बांधत होते. १९७७ मध्ये या सगळ्यांचा मिळून लॅटिन कॅथलिक मच्छीमारांचा राज्यव्यापी महासंघ झाला.

गोव्यातही याच वेळी तेच चालले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. ते ओढायला पन्नास-साठ हात लागतात आणि आलेल्या मासळीत प्रत्येक हाताचा वाटा असतो. ट्रॉलर आणि पर्ससीन बोटी किनाऱ्यापर्यंत येऊ लागल्या तशी रापण रिकामी येऊ लागली. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांचा एकवोट उभा राहिला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी. रापणकारांत कॅथलिकही होते आणि हिंदू खारवीही. १९७८ मध्ये देशभरातल्या अशा संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय फोरम स्थापन झाला आणि साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. या फोरमच्या मूळ लांबलचक नावात पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कांबरोबर सागरी संपत्तीचाही उल्लेख होता. स्थापनेच्या दिवशीच माणसाचा हक्क आणि माशाचे रक्षण एकाच वाक्यात आले होते, हे पुढच्या एका आक्षेपाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण १९८० चा आहे, आणि तो रस्त्यावर घडला नाही. त्या वर्षी केरळच्या महासंघाने आपल्या नावातून लॅटिन कॅथलिक हे शब्द काढून टाकले आणि केरळ स्वतंत्र मत्स्य तोळिलाळी फेडरेशन असे नाव घेतले. स्वतंत्र म्हणजे राजकीय पक्षांपासूनही आणि चर्चपासूनही. हा निर्णय सोपा नव्हता. धर्मग्रामाची यंत्रणा, चर्चची घंटा, सभागृहे, वर्गणी, हे सगळे ज्या नावामुळे हाताशी होते ते नाव सोडायचे होते. पण समुद्राचा नकाशाच असा होता की दुसरा मार्ग नव्हता. दक्षिणेला लॅटिन कॅथलिक, मधल्या पट्ट्यात कॅथलिकांच्या शेजारी हिंदू धीवर, उत्तरेला मलबारात मुसलमान मच्छीमार. तारलीचा थवा यांच्या सीमा पाळत नाही, आणि ट्रॉलर तर मुळीच पाळत नाही. केवळ कॅथलिक गावांनी नियम करून पाच किलोमीटरचा पट्टा वाचत नव्हता. उलट शक्तिकुळंगराच्या ट्रॉलरमालकांत लॅटिन कॅथलिकांची संख्या मोठी होती. दक्षिणेला कोळचेलमध्येही ट्रॉलरवाले आणि कट्टुमरमवाले एकाच मुक्कुवर कॅथलिक समाजाचे. ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी धर्मावर करायची तर संघटनेला आपल्याच विरोधकांना आपले म्हणावे लागले असते. ख्रिस्ती सहभाग सर्वाधिक फळाला आला तो ख्रिस्ती हे बिरुद खाली ठेवल्यावर, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. चर्चने दिलेली शिस्त, माणसे आणि भाषा संघटनेने ठेवली. चर्चची सीमा मात्र ओलांडली.

१९८० मध्येच केरळने सागरी मासेमारी नियमन कायदा केला. गोव्याचा कायदा त्याच वर्षीचा, महाराष्ट्राचा १९८१ चा. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक बोटींना वर्ज्य झाला, पण कागदावर. म्हणून मागणी पुढे सरकली: पावसाळ्यात ट्रॉलिंग पूर्ण बंद करा. पट्ट्याची राखण करायला गस्तीच्या बोटी लागतात. हंगामी बंदीची राखण करायला बंदराच्या तोंडाशी उभे राहिले तरी पुरते. या साधेपणातच त्या मागणीचे शहाणपण होते. १९८१ मध्ये कोचेरी उपोषणाला बसले. सरकारने बंदी जाहीर केली आणि ट्रॉलरमालकांच्या दबावाखाली काही दिवसांतच नींदकराला सूट दिली. म्हणजे जिथे बंदीची खरी गरज होती तेच बंदर वगळले. बाबू पॉल समिती नेमली गेली, तिच्यात बंदीवर एकमत झाले नाही. १९८४ मध्ये आंदोलनाचा भडका उडाला. कोझिकोडला सिस्टर ॲलिस बेमुदत उपोषणाला बसल्या. मुसलमान मच्छीमारांची वस्ती असलेल्या त्या शहरात, त्यांच्या प्रश्नासाठी, एक कॅथलिक सिस्टर अन्न सोडून बसली होती, आणि १९८० च्या निर्णयाचा अर्थ त्या मंडपात लोकांना दिसला. सिस्टर आणि फादर मोर्चात पुढे होते, लाठ्या खात होते, तुरुंगात जात होते. त्यानंतरच्या कलावार समितीने ट्रॉलरांची संख्या कमी करण्याची शिफारस केली, ती फाइलीत राहिली. अखेर १९८८ मध्ये मुख्यमंत्री नायनार यांच्या सरकारने बंदी लागू केली, तीही नींदकराला वगळून. प्राध्यापक एन. बालकृष्णन नायर यांच्या समितीने जून ते ऑगस्ट पूर्ण बंदीची शिफारस केल्यावर १९८९ मध्ये बंदी सगळ्या किनाऱ्याला लागू झाली. पुढच्या वर्षांत इतर राज्यांनी, आणि किनारी हद्दीपलीकडच्या पाण्यासाठी केंद्राने, हीच पद्धत स्वीकारली.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हा पोटापाण्याचा लढा होता. त्याला निसर्गसंवर्धन म्हणणे हे मागाहून चिकटवलेले लेबल आहे. यात तथ्याचा अंश आहे. कट्टुमरमवाल्याला स्वतःची जागा हवी होती आणि ट्रॉलर त्याच्या आड येत होता. पण केवळ जागा हवी असती तर मागण्या वेगळ्या झाल्या असत्या: आम्हालाही ट्रॉलर द्या, कर्ज द्या, भरपाई द्या. सरकार यांतले बरेच द्यायला तयार होते, आणि बहुतेक संघटना अशाच मागण्यांवर समाधानी होतात. इथे मागणी होती ती ठराविक महिने, ठराविक साधन, समुद्रातून बाहेर काढण्याची. शिवाय त्या काळातला शास्त्रीय वाद पाहावा. मत्स्यशास्त्रज्ञांपैकी अनेकांचे म्हणणे होते की कोळंबी वर्षभर अंडी घालते, करिकाडी तर पावसाळ्यात पकडली नाही तर हाती लागणारच नाही, तेव्हा बंदीने कोळंबीचे भले होत नाही. मच्छीमार म्हणत होते की प्रश्न एकट्या कोळंबीचा नाही. त्याच जाळ्यात पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या इतर माशांची पिल्ले मरतात आणि तळ उद्ध्वस्त होतो. एकेका जातीचा हिशेब करणाऱ्या शास्त्रापुढे ही माणसे सगळ्या समुद्राचा हिशेब मांडत होती. त्याला संवर्धन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? उपजीविकेची गरज आणि निसर्गाची काळजी एकाच माणसाच्या पोटी असू शकतात. संवर्धन हे पोट भरलेल्यांचेच काम आहे असे मानणाऱ्यालाच हे अवघड वाटते.

दुसरा आक्षेप चर्चविषयी आहे, आणि तो दोन उलट दिशांनी येतो. काही म्हणतात, हे सगळे चर्चने घडवले, मच्छीमार नुसते मागे चालले. काही म्हणतात, चर्च तर सावकार आणि ट्रॉलरमालकांच्या बाजूचे, त्याला श्रेय कसले? दोन्हींच्या मागे एकच चूक आहे: चर्च म्हणजे एक मत, असे धरून चालणे. बिशपांपैकी अनेकांना रस्त्यावर उतरलेले फादर आणि उपोषणाला बसलेल्या सिस्टर रुचत नव्हत्या. धर्मगुरूंनी आंदोलनाच्या राजकारणात पडू नये, असा दबाव सतत होता. बंदरांतल्या धर्मग्रामांत ट्रॉलरमालक मोठे देणगीदार होते. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुक्कुवर समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या अजंता सुब्रमण्यन यांनी दाखवले आहे की तिथले मच्छीमार चर्चकडे दाद मागत, चर्चशी भांडत आणि प्रसंगी चर्चला ओलांडून सरकारकडे जात. नेतृत्व बाहेरच्या फादरांचे होते हेही अर्धेच सत्य. ज्या मागणीवर आंदोलन उभे होते ती, म्हणजे पावसाळ्यात समुद्र मोकळा सोडा, कोणत्याही सेमिनरीत शिकवली जात नव्हती. ती किनाऱ्यावरच्या अनुभवातून आली. फादर आणि सिस्टरांनी आणले ते कायद्याचे ज्ञान, इतर राज्यांशी संपर्क, तुरुंगात जाण्याची तयारी, आणि मुख्य म्हणजे दलालाच्या कर्जात नसलेली मोकळी जीभ.

नारळी पौर्णिमेचा मुद्दा महाराष्ट्रात हमखास निघतो. आपला कोळी पूर्वापार पावसाळ्यात होडी वर घेतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात घालतो. मग केरळच्या कॅथलिकांनी आपल्याला काय शिकवले? परंपरा खरी आहे आणि मोलाची आहे. पण ती शिडाच्या होडीला बांधून ठेवत होती, कारण खवळलेल्या समुद्रापुढे ती होडी टिकत नव्हती. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला लाटेची भीती नाही आणि मालक मुंबईच्या कार्यालयात बसलेला असेल तर पौर्णिमेचेही बंधन नाही. रीत मोडायची ताकद यंत्राने दिली, तेव्हा रीतीला कायद्याचे बळ देणे भाग पडले. ते काम आंदोलनाने केले, आणि त्यात पुढे महाराष्ट्रातले कोळीही होते. एप्रिल १९८९ मध्ये ‘पाणी वाचवा, जीवन वाचवा’ या मागणीसाठी पूर्व किनाऱ्यावर बंगालहून आणि पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या बाजूने दोन यात्रा निघाल्या आणि १ मे रोजी कन्याकुमारीला मिळाल्या. तिथे पोलिसांनी गोळीबार केला, अनेक जण जखमी झाले. १९९१ च्या धोरणाने परदेशी जहाजांना खोल समुद्र खुला केला, तेव्हा कोचेरी यांनी १९९५ मध्ये पोरबंदरला उपोषण केले, महाराष्ट्र मच्छीमार कृती समिती या लढ्यात उतरली, आणि मुरारी समितीच्या शिफारशींनंतर ते परवाने बंद झाले. सातपाटीचे रामभाऊ पाटील पुढे राष्ट्रीय फोरमच्या नेतृत्वात दिसतात ते याच वाटेने.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. पारंपरिक मच्छीमारांनीच १९८० च्या दशकात होड्यांना इंजिने लावली. मध्य केरळात माशांच्या थव्याला वेढणारी रिंगसीन जाळी आली, ती वाढत वाढत इतकी मोठी झाली की एकेका जाळ्याला डझनावारी माणसे आणि अनेक इंजिने लागू लागली, आणि बारीक आसात तारलीची पिल्लेही सापडू लागली. बंदीतून त्यांना सूट होती. १९८९ मध्ये केरळची मासळी साडेसहा लाख टनांच्या घरात गेली त्याचे श्रेय एकट्या बंदीला देता येत नाही. त्यात इंजिनांचा आणि तारलीच्या चांगल्या वर्षांचाही हात होता. संघटनेने या जाळ्यांना विरोध केला, राज्याने त्यांना बंदी घातली, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांच्या हितासाठी असे निर्बंध वैध ठरवले. तरी जाळी समुद्रातच राहिली. मला वाटते, यातून दिसते ते चळवळीचे अपयश, आणि ते जिथे आले त्या जागेला अर्थ आहे. बाहेरच्या ट्रॉलरविरुद्ध गाव एक झाले. शेजाऱ्याच्या जाळ्याविरुद्ध होऊ शकले नाही. रविवारी समुद्रावर न जाण्याचा नियम पाळणाऱ्या धर्मग्रामांना जाळ्याच्या आसाचा नियम पाळायला लावणे अशक्य नव्हते. पण त्यासाठी लागणारी रोजची, गावपातळीवरची शिस्त तोवर आंदोलनाच्या हातून निसटली होती, आणि चर्चला तो आपला विषय वाटत नव्हता. पर्यावरणाविषयीचे पोपचे परिपत्रक ‘लाऊदातो सी’ २०१५ मध्ये आले. त्याच्या तीन दशके आधी कोझिकोडच्या मंडपात जे मांडले गेले होते ते धर्मग्रामांच्या नेहमीच्या शिकवणुकीत त्याच वेळी उतरले असते, तर रिंगसीनची गोष्ट कदाचित वेगळी घडली असती.

ऑगस्ट २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमला बंदराविरुद्ध मोर्चे सुरू झाले. बांधकामामुळे किनारा खचतो आहे, घरे वाहून गेली आहेत, म्हणून काम थांबवून धूपेचा अभ्यास करा, ही मुख्य मागणी. पुन्हा मच्छीमार, पुन्हा फादर आणि सिस्टर, पुन्हा १९८४ ची आठवण देणारी दृश्ये. फरक एवढाच की या वेळी नेतृत्व थेट लॅटिन धर्मप्रांताकडे होते आणि झेंडाही त्याचाच होता. किनारा खचणे हा सगळ्यांचा प्रश्न, पण काही आठवड्यांतच वाद बंदर विरुद्ध चर्च असा झाला. हिंदू संघटनांचे प्रतिमोर्चे निघाले, नोव्हेंबरमध्ये पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, आर्चबिशपांचे नाव गुन्ह्याच्या नोंदीत आले. ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेण्यात आले. काम न थांबवताच अभ्यास समिती नेमली गेली, आणि २०२५ च्या मे महिन्यात बंदराचे उद्घाटन झाले. पूनतुरा तिथून काही किलोमीटरवर आहे. १९८० मध्ये लॅटिन कॅथलिक हे शब्द नावातून वगळण्यासाठी ज्यांनी आपल्याच माणसांशी वाद घातला, त्यांच्यापैकी अनेकांनी याच किनाऱ्यावर काम केले होते. कोचेरी मात्र हे पाहायला नव्हते, ३ मे २०१४ रोजी त्यांचे निधन झाले होते.